विनिंग्टनचे पांढरे मेण

इंग्लंडातील चेशायर परगण्यात विनिंग्टन येथे, इम्पीरिअल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीच्या प्रयोगशाळेत, मार्च १९३३ मध्ये एरिक फॉसेट आणि रेजिनाल्ड गिब्सन यांनी एथिलीन वायू व बेंझाल्डिहाइड यांना १७० अंश सेल्सिअस तापमानात, वातावरणाच्या हजारपटीहून अधिक दाबाखाली, पोलादी पात्रात कोंडले; अपेक्षित संयोग घडला नाही, परंतु पात्र उघडताच नळीच्या टोकाशी मेणासारखा पांढरा पदार्थ चिकटलेला दिसला, आणि गिब्सन यांनी त्याची नोंद केली. पॉलिथीनचा हा पहिला दाखला.

पुढे तो हुकमी मिळेना. कधी काहीच घडेना, तर कधी एथिलीनचे विघटन होऊन स्फोट होई, आणि अखेर काम तहकूब झाले.

डिसेंबर १९३५ मध्ये मायकेल पेरिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुधारलेल्या उपकरणांनिशी ते पुन्हा हाती घेतले, तेव्हा पात्रातील दाब उतरू लागला. काही वायू विक्रियेत खर्ची पडत होता आणि काही एका सैल सांध्यातून निसटत होता, म्हणून ती तूट भरून काढण्यासाठी त्यांनी ताजा एथिलीन आत सोडला, व शेवटी सुमारे आठ ग्रॅम पांढरी भुकटी हाती लागली. त्या ताज्या वायूबरोबर ऑक्सिजनचा जो अत्यल्प अंश आत शिरला, तोच या विक्रियेचा प्रवर्तक ठरला.

ऑक्सिजनमुळे निर्माण होणारी मुक्त मूलके एथिलीनचे रेणू एकामागून एक जोडून घेत साखळी वाढवतात, आणि दोन मूलके परस्परांना भेटली की दोन्ही साखळ्यांची वाढ थांबते. समाप्तीला अशी जोडी लागत असल्यामुळे प्रवर्तक चौपट केला तरी वेग दुप्पटच होतो. एथिलीनची संहती मात्र वेग थेट वाढवते, म्हणून रेणूंना दाटीवाटीने जवळ आणणारा तो प्रचंड दाब. तापमान चढवावे तर वेग वाढतो, पण साखळ्या आखूड राहतात. आणि विक्रियेची उष्णता वेळीच काढून घेतली नाही, तर पुन्हा विघटन व स्फोट. विशेष म्हणजे, हाच ऑक्सिजन साधारण दाबाखाली स्टायरीनच्या बहुवारिकीकरणात अडथळा ठरतो.

पेरिन यांच्या यशाला निव्वळ दैवयोग म्हणणे मला अन्यायाचे वाटते. सांधा गळका निघाला हा योग खराच, परंतु वायूतील ऑक्सिजनचे प्रमाण मोजून मुक्रर करण्याची चिकाटी त्यांच्या पथकाने दाखवली, म्हणूनच सप्टेंबर १९३९ मध्ये कारखाना सुरू होऊ शकला आणि महायुद्धात रडारच्या केबलींना निरोधक आवरण मिळाले.