दूधआई धाराऊ: तान्ह्या बाळाच्या दुधाचा विसरलेला इतिहास

१/ दरवर्षी १२ जानेवारीला बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेड राजा येथे जिजाऊंच्या जन्मस्थळी प्रचंड जनसमुदाय लोटतो. १५९८ साली लखुजी जाधवरावांच्या घरी जन्मलेल्या या कन्येचे राजमाता म्हणून असलेले कर्तृत्व सर्वांना ठाऊक आहे. आज त्यांच्या घरातील एक साधाच, पण जीवनमरणाचा पेच पाहू. घरात तान्हे बाळ आहे आणि त्याला आईचे दूध पुरत नाही.

२/ १४ मे १६५७. पुरंदर किल्ल्यावर शिवाजी महाराज आणि सईबाई यांना पुत्र झाला, तेच संभाजीराजे. बाळंतपणानंतर सईबाईंची प्रकृती खालावली आणि अंगावर पुरेसे दूध येईना, असे परंपरा सांगते. डब्यातील दूध जन्माला यायला अद्याप दोन शतके अवकाश होता. नवजात अर्भकासाठी भरवशाचा मार्ग एकच होता: दुसऱ्या स्त्रीचे दूध.

३/ ती स्त्री म्हणजे कापूरहोळ गावच्या धाराऊ गाडे. पुरंदरच्या परिसरातील या शेतकरी घरच्या बाईंनी युवराजाला अंगावर पाजले. त्यांचे पुत्र अंतोजी आणि रायाजी हे संभाजीराजांचे दूधभाऊ. पुढे ते त्यांच्याच सेवेत राहिले. दुधाचे नाते आपल्याकडे रक्ताच्या नात्याइतकेच पक्के मानले जाई, ते असे.

४/ ५ सप्टेंबर १६५९ रोजी राजगडावर सईबाईंचे निधन झाले. तेव्हा संभाजीराजे जेमतेम सव्वादोन वर्षांचे होते. पुढचा सांभाळ आजी जिजाऊंनी केला. जन्म एकीने दिला, दूध दुसरीने पाजले, वाढवले तिसरीने. राजघराण्यातही मूल एकट्या आईच्या बळावर वाढले नाही, ही गोष्ट लक्षात ठेवू.

५/ दूध पाजणारी दाई कशी निवडावी, याची चर्चा चरकसंहितेच्या शारीरस्थानात सविस्तर आहे. ती तरुण, निरोगी, भरपूर दूध असलेली असावी आणि तिचे स्वतःचे मूल जिवंत असावे. तिचे दूध पाण्यात टाकून पाहावे. पूर्णपणे मिसळले तर ते उत्तम. बाळाच्याच वर्णाची दाई असावी, अशीही अट आहे. त्या काळचा समाज त्या अटीतून दिसतो.

६/ पण दूध असूनही बाळ पिईना तर? पदराखाली घेताच ते मान फिरवते, हातपाय झाडते, ठसकते, रडते. सुश्रुतसंहिता सांगते की पाजण्यापूर्वी स्तन धुवून थोडे दूध आधी पिळून काढावे. तट्ट भरलेल्या स्तनातून दूध एकदम आले, तर बाळाला खोकला, धाप आणि उलटी होते. दुधाचा वेग फार असेल तर आजचे डॉक्टरही जवळपास हाच उपाय सुचवतात.

७/ काश्यपसंहिता तर बालरोगांवरचाच ग्रंथ. नेपाळचे राजगुरू हेमराज शर्मा यांच्या संग्रहातील ताडपत्री हस्तलिखितामुळे तो आपल्याला मिळाला आणि १९३८ मध्ये छापला गेला. बोलता न येणाऱ्या बाळाची वेदना कशी ओळखावी, यावर त्यात स्वतंत्र अध्याय आहे. पोट दुखणारे बाळ स्तन सोडून देते, रडते, पाठीची कमान करते; त्याचे पोट ताठरते, तोंडाला घाम येतो. शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी तान्ह्या जिवाकडे किती बारकाईने पाहिले होते!

८/ आणि आईचे काय? राग, शोक आणि वात्सल्याचा अभाव यांमुळे दूध आटते, असे सुश्रुत सांगतो. त्यावरच्या उपायांत तो शतावरी, गहू, लसूण यांच्या आधी एक गोष्ट ठेवतो: तिचे मन प्रसन्न करणे. ताणामुळे दूध सुटण्यात अडथळा येतो, हे आजचे विज्ञानही मानते.

९/ जुन्या ग्रंथांत सारेच बरोबर होते असे नाही. सुश्रुताच्या मते दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशी येते. तोवर मध आणि तूप चाटवावे. हीच समजूत पुढे घरोघर टिकली. गायीच्या चिकाचा खरवस आवडीने खाणाऱ्या समाजाने आईचा चीक मात्र पिळून फेकला! हा चीक बाळाला रोगांपासून वाचवतो. म्हणून जन्मानंतर तासाभरात बाळाला अंगावर घ्यावे आणि वर्षाच्या आत मध देऊ नये, असे आज सांगितले जाते.

१०/ लोकव्यवहारात बाळ पिईना की दृष्ट लागली म्हणून मीठ-मिरच्या ओवाळल्या जात. पोट मुरडते म्हणून गुटीत मुरडशेंग उगाळली जाई. तेवढ्याने भागले नाही की बोल लागे तो आईला: हिचे दूधच बाळाला सोसत नाही. खालावलेल्या प्रकृतीच्या बाळंतिणीला आधाराऐवजी ठपका मिळे.

११/ आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या. त्यांचे बाळ अवघे दहा दिवस जगले. त्याच आनंदीबाईंनी १८८६ मध्ये अमेरिकेत वैद्यकीची पदवी घेतली आणि प्रबंधासाठी विषय निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. स्वतःचे बाळ गमावलेली आई बाळंतपणाचे जुने ज्ञान नव्या शास्त्राच्या दालनात घेऊन गेली.

१२/ १९८९ साली मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातील पहिली मानवी दूधपेढी सुरू झाली. ज्यांच्या आईचे दूध पुरत नाही, अशा कमी वजनाच्या किंवा आजारी बाळांना तेथे इतर मातांनी दिलेले, निर्जंतुक केलेले दूध मिळते. धाराऊंचेच काम आता अनेक अनाम माता करतात. जातीची अट मात्र उरलेली नाही.

१३/ पुढच्या वेळी सिंदखेड राजाला गेलात, तर जिजाऊंसोबत सईबाई आणि धाराऊंचीही आठवण काढा. घरात कुणाचे बाळ दुधासाठी तळमळत असेल, तर त्याच्या आईला बोल लावण्याआधी तिला जेवू घाला, थोडे झोपू द्या आणि गरज वाटल्यास डॉक्टरांकडे न्या. सईबाईंच्या मदतीला धाराऊ आल्या, म्हणून बाळ जगले. त्या बाळाचे नाव छत्रपती संभाजी महाराज.