घरच्यांना घेऊन पहिली फुटबॉल मॅच: गडमुडशिंगीहून कुठे जाल?

आयएसएलची व्यावसायिक मॅच बघायची तर गडमुडशिंगीकरांना गोव्यात फातोर्डा किंवा थेट मुंबई गाठावी लागते. जवळचा पर्याय म्हणजे कोल्हापूरचं राजर्षी शाहू स्टेडियम. तिथली केएसए लीग आयएसएलसारखी व्यावसायिक नाही, पण ईर्ष्या तितकीच. कारण संघ पेठांचे आणि तालमींचे: पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ. कुस्तीच्या तालमींनीच इथे फुटबॉलही जोपासला.

अडचणही तिथेच आहे. पेठेच्या इज्जतीचा प्रश्न झाला की समर्थकांत हुल्लडबाजी होते. दगड-बाटल्या फेकल्याच्या बातम्या नव्या नाहीत. त्यामुळे सोबत लहान मुलं किंवा आजी असेल, तर सुरुवात फायनलने करू नये. लीगमधली साधी मॅच निवडावी, घोषणा देणाऱ्या घोळक्यापासून लांब आणि बाहेर पडायच्या वाटेजवळ बसावं. पोराच्या अंगात एखाद्या तालमीची जर्सी असेल, तर विरोधी समर्थकांत बसणं टाळावं. आणि टोपी घ्यावी, दुपारचं ऊन भाजून काढतं.

मुलांनी विचारलंच, तर सांगायला अनिकेत जाधव आहे. हा कोल्हापूरचा पोरगा २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला आणि पुढे आयएसएलमध्ये पोहोचला.