पदभ्रमणातील तिपाई व कॅमेरा साहित्य

पदभ्रमण करताना कॅमेरा, लेन्स, तिपाई (ट्रायपॉड) व पूरक साहित्य छायाचित्रकार सामान्यतः स्वतःच्या पाठीवर वाहून नेतो. या साहित्यात तिपाई सर्वांत अडचणीची असते. ती लांब असते, पिशवीत मावत नाही आणि वाटेत क्वचितच लागते. मात्र पहाट, संध्याकाळ, रात्रीचे आकाश आणि धबधबे यांच्या छायाचित्रणात तिला सहसा पर्याय नसतो.

इतिहास

१८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी ओल्या कलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली. काच ओली असतानाच चित्र घेऊन ते धुवावे लागे, त्यामुळे अंधारा तंबू, रसायने व काचा असा संसार सोबत न्यावा लागे. सॅम्युएल बोर्न यांनी १८६६ मध्ये हिमालयातील सुमारे १८,६०० फूट उंचीच्या मानीरंग खिंडीत छायाचित्रे घेतली ती हमालांच्या तांड्याच्या बळावर. चित्रांवर नाव मात्र एकट्या बोर्न यांचेच राहिले. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स यांनी कोरड्या काचेची पद्धत मांडली आणि पुढे हे ओझे एका माणसाला पेलण्याजोगे होत गेले.

वजन व तोल

प्रवासी तिपाईचे वजन साधारणतः एक ते दोन किलो असते. कार्बन तंतूंची तिपाई ॲल्युमिनियमच्या तिपाईपेक्षा हलकी, पण महाग असते. फार हलकी तिपाई वाऱ्यात थरथरते. अशा वेळी मधल्या दांड्याच्या आकड्याला सॅक अडकवून ती स्थिर करतात.

कॅमेरा व लेन्स पाठीच्या कण्याजवळ ठेवल्यास तोल सांभाळतो. तिपाई सॅकच्या एका बाजूला बांधल्यास दुसऱ्या बाजूला पाण्याची बाटली ठेवतात. तिपाई वर व खाली अशा दोन पट्ट्यांनी बांधली जाते. एकाच पट्टीवर ती झुलते. चढ-उताराच्या वाटेवर ती हातात धरणे धोक्याचे असते, कारण आधारासाठी हात मोकळे राहत नाहीत. काठीसारखा वापर केल्यास तिच्या सांध्यांत माती शिरते.

किनवट परिसर

नांदेड जिल्ह्यातील किनवट तालुक्यात इस्लापूरजवळ पैनगंगा नदीवर सहस्रकुंड धबधबा आहे. तो नांदेड व यवतमाळ जिल्ह्यांच्या सीमेवर असून पावसाळ्यात खडकांवरून अनेक धारांनी कोसळतो. पाणी रेशमासारखे दिसावे म्हणून छायाचित्रकार पाव सेकंद ते दोन सेकंद झडप उघडी ठेवतात. हातात धरलेल्या कॅमेऱ्याने असे चित्र सहसा हलते. दिवसा त्यासाठी प्रकाश कमी करणारी गडद काचही लागते.

मुख्य प्रश्न उभे राहण्याच्या जागेचा असतो. ओले, शेवाळलेले खडक निसरडे असतात. वरच्या भागात पाऊस झाल्यास किंवा इसापूर धरणातून विसर्ग सुरू झाल्यास येथे ऊन असतानाही पाणी वाढू शकते. तिपाई मांडून दृश्यात गुंतलेल्या व्यक्तीला ही वाढ उशिरा जाणवते. म्हणून तिपाई काठापासून दूर, कोरड्या जागी मांडणे आणि पाणी चढू लागताच साहित्य सोडूनही मागे फिरणे इष्ट ठरते.

तालुक्यातील सागवनात अडचण वेगळी असते. सॅकवर उंच बांधलेली तिपाई खालच्या फांद्यांत अडकते. उन्हाळ्यात वाळलेल्या पानांच्या थरावर तिचे पाय स्थिरावत नाहीत. पाने बाजूला सारून ते जमिनीत रोवावे लागतात. पावसाळ्यात दमटपणामुळे लेन्समध्ये बुरशी धरते, म्हणून परतल्यावर साहित्य बंद पिशवीत न ठेवता आधी वाळवतात.

परवानगी

पैनगंगा अभयारण्यात प्रवेशासाठी वन विभागाचे नियम लागू होतात. अजिंठ्यासारख्या केंद्र संरक्षित स्मारकांत तिपाई वापरण्यासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची पूर्वपरवानगी लागते.