पन्नास पौंडांचा कॅमेरा आणि बाकीचा हिशोब

तर झालं असं. दिवाळीला धाराशिवला गेलो होतो तेव्हा मावसभावाने मला गाठलं. त्याला लग्नाच्या शूटिंगचा धंदा सुरू करायचाय. "दादा, दीड लाखाचा कॅमेरा हाय. तीस लग्नं केली की फिटला! तू इंजिनेर हायस, जरा एक्सेल मांड आन् अप्पाला दाव."

मावशी आत पोळ्या लाटत होती. तिच्या पाटल्या सोनाराकडे ठेवायच्या हे आधीच ठरलेलं होतं, असं मला नंतर कळलं.

पुण्याला परत आल्यावर शनिवारी एक्सेल उघडली. पहिल्या ओळीत 'कॅमेरा' लिहिलं आणि अडकलो. आमच्या आयटीत 'टोटल कॉस्ट ऑफ ओनरशिप' नावाचा एक प्रकार असतो. वस्तूची किंमत म्हणजे नुसतं बिल नाही, ती वस्तू घरात आल्यापासून जे जे खाते ते सगळं. मग म्हटलं, हा हिशोब आपल्याकडे आधी कुणी केलाय? त्यात अख्खा वीकेंड गेला. पण मजा आली, म्हणून इथे लिहितोय.

सुरुवात सावेदादांपासून. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, मुंबईतले फोटोग्राफर. १८९६ च्या जुलैत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली, ती पाहून यांना वेड लागलं. त्यांनी इंग्लंडहून रायली कंपनीचा कॅमेरा मागवला, किंमत २१ गिनी. तेव्हा पौंडाला १५ रुपये असा भाव धरला तर साधारण ३३० रुपये. १८९९ मध्ये हँगिंग गार्डनला झालेली कुस्ती त्यांनी त्यावर टिपली. पण ती फिल्म धुवायला लंडनला पाठवावी लागली! म्हणजे कॅमेरा मुंबईत, लॅब बोटीच्या प्रवासापलीकडे. काढलेलं नीट आलंय की नाही हे कळायलाच काही आठवडे. हा खर्च २१ गिनींत कुठेच नव्हता.

आता दादासाहेब फाळके. 'लाइफ ऑफ ख्राइस्ट' पाहून सिनेमा काढायचा ठरवला, ही गोष्ट शाळेत सगळ्यांनीच वाचलीय. शाळेत न सांगितलेला भाग म्हणजे पैसा. १२,००० रुपयांच्या विमा पॉलिसी गहाण टाकून त्यांनी १०,००० उभे केले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडन गाठलं. (आमचं धाराशिव तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. मीर उस्मान अली खान गादीवर येऊन सहा महिनेही झाले नव्हते, आणि चलन होतं हाली सिक्का.) तिथे त्यांनी विल्यमसन कॅमेरा घेतला, ५० पौंडांना. म्हणजे ७५० रुपये.

इथे मी कॅलक्युलेटर काढला. 'राजा हरिश्चंद्र'चा खर्च १५,००० रुपये सांगतात. त्यात कॅमेरा ७५० चा, म्हणजे पाच टक्के! उरलेले पंच्याण्णव टक्के कॅमेऱ्याच्या मागून आले.

काय काय आलं बघा. कोडॅकची कच्ची फिल्म आली, पण कडेला भोकं नसलेली. ती पाडायचं यंत्र वेगळं घ्यावं लागलं. एका फुटात १६ चौकटी, प्रत्येक चौकटीला दोन्ही बाजूंना चार-चार भोकं, म्हणजे फुटाला १२८. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी ३,७०० फूट. गुणाकार केला तर ४,७३,६०० भोकं! यंत्र एका दाबाला एकाहून जास्त पाडत असेल हे धरलं, तरी हे फक्त एका प्रतीचं झालं. निगेटिव्ह, खराब गेलेली फिल्म आणि बाकीच्या प्रती वेगळ्याच.

आणि हे काम अंधारातच करायचं, कारण उजेड लागला की फिल्म वाया. ते करायच्या सरस्वतीबाई फाळके. शिवाय फिल्म धुण्याची रसायनं कालवायची, शूटिंगला उन्हात पांढरी चादर धरून उभं राहायचं आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक. पगार शून्य. हा आकडा त्या पंधरा हजारांत धरलाय का? मला नाही वाटत.

दुसरा न धरलेला खर्च म्हणजे डोळे. लंडनला जायच्या आधी फाळके रोज चार-पाच तास सिनेमे बघायचे, रात्री घरी प्रयोग, झोप जेमतेम तीन तास. शेवटी दिसेनासं झालं. डॉक्टर प्रभाकरांनी उपचार करून दृष्टी परत आणली.

मला सगळ्यात आवडलेला भाग पुढचा. कॅमेरा आला तरी सिनेमा काढायला पैसे नव्हतेच. तेव्हा फाळक्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि महिनाभर थांबून थांबून एकेक चौकट टिपली. पडद्यावर मिनिटभरात रोप उगवताना दिसलं. ती फिल्म मोजक्या लोकांना दाखवली आणि मग कर्ज मिळालं. सरस्वतीबाईंचे दागिनेही गेलेच. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये सिनेमा लागला आणि चालला. आमच्या भाषेत सांगायचं तर आधी पायलट, मग प्रॉडक्शन.

(विकत घ्यायचा नसेल तर बनवायचा, हा पर्याय कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी वापरला. दामल्यांना हाताशी धरून १९१८ मध्ये कॅमेरा घरीच जुळवला. पण त्या खटपटीत वर्षं गेली. सोबत सुरुवात केलेले आनंदराव पेंटर १९१६ मध्येच वारले, त्यांना तो कॅमेरा बघताच आला नाही. तेव्हा 'फुकट' हा शब्द जपून वापरावा.)

असो. परत धाराशिव. दीड लाखाच्या खाली मी ओळी भरत गेलो. लेन्स, तिवई, जादा बॅटऱ्या, लाइट, एडिटिंगचा कॉम्प्युटर. १०० एमबीपीएसने शूट केलं तर तासाला ४५ जीबी. हळदीपासून वरातीपर्यंत आठ तास धरले तर एका लग्नाचे ३६० जीबी, तीस लग्नांचे जवळपास अकरा टीबी. दुसरी प्रत ठेवायची तर दुप्पट, आणि न ठेवून चालणार नाही, कारण लग्न परत लागत नाही. वर चातुर्मास. हप्ता बारा महिने, मुहूर्त फार तर आठ महिने.

फोनवर त्याला सगळं वाचून दाखवलं. तो गप्प. मागून मावशीचा आवाज आला, "आरं, माझ्या पाटल्या कुठल्या रकान्यात लिवल्यास?"

मी त्या 'भांडवल' मध्ये टाकल्या होत्या. आणि रात्री तीनला वरातीहून येणाऱ्या पोराचं जेवण, गिऱ्हाइकांचा चहा, घरातली एक खोली एडिटिंगला जाणं, हे कुठेच लिहिलं नव्हतं. फाळक्यांच्या हिशोबाला नावं ठेवून मीही तेच केलं होतं.

नवी ओळ टाकली. मग त्याला वाटाण्याची गोष्ट सांगितली. आता ठरलंय असं की, या मोसमात कॅमेरा दिवसाच्या भाड्याने घ्यायचा, पाच-सहा लग्नं करायची, आणि आषाढीला हिशोब परत मांडायचा. तो जरा नाराज आहे. भाड्याच्या कॅमेऱ्यावर आपलं नाव चिकटवता येत नाही, म्हणतो. तेही खरंच आहे.

पाटल्या तूर्त मावशीच्या हातात आहेत.