समुद्राने उघडे केलेले गाव : ओझेट, १९७०

१९७० च्या हिवाळ्यात अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, पॅसिफिकच्या किनाऱ्यावर, वादळी लाटांनी मातीचा एक कडा कापून काढला. आतून डोकावू लागल्या सीडरच्या फळ्या आणि घरगुती अवजारे. शतकांपूर्वी चिखलाच्या लोंढ्याखाली गाडली गेलेली ओझेट गावची ही घरे होती.

ओझेट हे मकाह या मूलनिवासी जमातीचे गाव. देवमाशाची शिकार हा तेथील लोकांचा पिढीजात व्यवसाय. मुलांना शाळेसाठी नीआ बे येथे धाडण्याची सरकारी सक्ती झाली, कुटुंबेही मागोमाग गेली आणि गाव ओस पडले. दरडीने घरे गिळल्याची हकीकत मात्र वृद्धांच्या तोंडी टिकून होती. मौखिक परंपरेला दंतकथा ठरवून मोकळे होणाऱ्या विद्वानांना ओझेटने दिलेले हे उत्तर पुरेसे बोलके आहे.

समुद्र रोज किनारा खात होता. वाटसरू सापडेल ती वस्तू उचलून नेत होते. तेव्हा जमातीचे नेते एडवर्ड क्लॅपलानहू यांनी पुरातत्त्वज्ञ रिचर्ड डॉगर्टी यांना पाचारण केले. डॉगर्टी यांनी १९६६-६७ मध्ये तेथे काम केलेले असल्याने ओळख जुनी होती. या वेळी निमंत्रण जमातीचे होते आणि एक गोष्ट निश्चित होती : सापडलेले सारे मकाह भूमीवरच राहील. त्या काळी अशा वस्तू बहुधा दूरच्या संग्रहालयांत जात.

उत्खनन ११ वर्षे चालले. फावड्याने ओले लाकूड तुटले असते, म्हणून नळीच्या पाण्याने चिखल हळूहळू धुतला गेला. चिखलात हवा न पोहोचल्याने टोपल्या, दोर, लाकूड कुजले नव्हते. पण वाळताच ते तडकले असते. त्यासाठी ते पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या द्रावणात मुरवले. ५५,००० हून अधिक वस्तू मिळाल्या. त्यांत सीडरमध्ये कोरलेला देवमाशाचा पर होता, त्यावर सागरी ऊदमांजराचे ७०० हून अधिक दात बसवलेले. विद्यार्थ्यांबरोबर मकाह तरुणही खणत होते. एखादी वस्तू कशाची, हे शास्त्रज्ञांना उमगेना, तेव्हा वृद्ध तिचे नाव आणि उपयोग सांगत.

१९७९ मध्ये नीआ बे येथे जमातीचे स्वतःचे संग्रहालय उघडले. तेथील कोठारात वस्तूंची मांडणी मकाह भाषेतील वर्गांनुसार आहे. काही वस्तू स्त्रियांनी हाताळू नयेत, काही पुरुषांनी, हा जुना संकेतही तेथे पाळला जातो.