आजीचं पिंप, 35 मिलिमीटरचं भोक आणि न गंजणारं पोलाद

हा भाग ज्यांना कानांनी नाही तर डोळ्यांनी ऐकायचाय, त्यांच्यासाठी लेखी स्वरूपात. आज लढाया नाहीत, राजे नाहीत. आज आहे एक स्टीलचं पिंप.

उन्हाळ्यात मी गावी होतो, येलदरीला. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवरचं 1968 चं धरण, त्याच्या पायथ्याशी 22.5 मेगावॉटचं वीजघर, तेच आमचं गाव. एवढं मोठं धरण उशाला असलेल्या गावात मी एका भोकापुढे हात टेकून बसलो होतो.

पिंप आजीचं. भिशीच्या पैशातून घेतलेलं, काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी तिचं नाव कोरलेलं. ते माळ्यावर ठेवून त्यातून स्वयंपाकघरात पाइप आणायचा, म्हणजे तिचं कळश्या उचलणं बंद, असा माझा प्लॅन. एक इंची कनेक्टरचे आटे बाहेरून साधारण 33 मिलिमीटर भरतात, म्हणून भोक 35 चं. पत्रा तर पातळच. दहा मिनिटांचं काम, असं मी आजीला सांगून टाकलं.

साधं ड्रिल बिट लावलं, मशीन फुल स्पीडला. किंकाळीसारखा आवाज, धूर, बिटचं टोक निळं. पत्र्यावर भोक नाहीच, फक्त काचेसारखा चकचकीत ठिपका. आतून आजी म्हणाली, "अरे, कळवळतंय ते. थांब जरा." मी थांबलो आणि मग वाचायला बसलो. इतिहास इथून सुरू होतो.

स्टीलच्या आधी आपल्या घरात तांबं-पितळ होतं. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत आजही हातोडीचा ठोका ऐकू येतो. तांबं ठोकलं की कडक होतं, आणखी ठोकलं तर तडकतं. तांबटाला हे पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. म्हणून तो मधेच भांडं भट्टीत लाल करतो, की धातू पुन्हा मऊ. म्हणजे तांब्याला 'अनडू'चं बटण आहे, आणि ते बटण म्हणजे कोळशाची भट्टी. भांड्याला भोक पाडा, जोड लावा, पोचा काढा, सगळं गल्लीतल्या गल्लीत व्हायचं. त्रास एकच: पितळेत आंबट कळकायचं. म्हणून कल्हईवाला यायचा. भाता, नवसागर, कथील, आणि भांडं आतून चांदीसारखं.

आता जरा लांब जाऊ, इंग्लंडमधल्या शेफील्डला. बंदुकीच्या नळ्या आतून झिजू नयेत म्हणून हॅरी ब्रिअर्ली वेगवेगळी पोलादं करून बघत होता. ऑगस्ट 1913 मध्ये त्यानं 12.8 टक्के क्रोमियमचं पोलाद ओतलं. सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासाठी त्याला ॲसिडनं खरवडायला गेला, तर ॲसिड नीट लागेच ना! तिकडे जर्मनीत क्रुप कंपनीत श्ट्राउस आणि माउरर यांनी 1912 मध्येच क्रोमियमसोबत निकेल घातलेल्या पोलादाचं पेटंट मागितलं होतं. आपल्या डब्यांवर '18/8' लिहिलेलं असतं ना? 18 टक्के क्रोमियम, 8 टक्के निकेल. ते याच घराण्यातलं.

गंज का लागत नाही? क्रोमियम हवेतला ऑक्सिजन घेऊन पृष्ठभागावर काही नॅनोमीटर जाडीचा थर बनवतं. ओरखडा उठला तर थर आपोआप पुन्हा तयार. म्हणजे कल्हईवाला धातूच्या आतच बसलाय!

भारतात सेलमच्या सरकारी कारखान्यात 1981 मध्ये स्टेनलेसचे पत्रे निघू लागले. मुंबईजवळ भाईंदरला भांड्यांचे छोटे छोटे कारखाने वाढले. शहरात बोहारीण जुन्या कपड्यांवर स्टीलचं पातेलं देऊ लागली. कल्हईची हाक हळूहळू बंद झाली. सोय झालीच, पण एक गोष्ट हातातून गेली. स्टेनलेसही ठोकल्यावर, घासल्यावर कडक होतं, आणि तांब्यापेक्षा जास्तच. ते पुन्हा मऊ करायला साधारण 1050 अंश सेल्सिअस लागतात. गल्लीतल्या भट्टीचं हे काम नाही. म्हणजे धातू घरात आला, पण त्याचं 'अनडू' कारखान्यातच राहिलं.

माझा चकचकीत ठिपका म्हणजे हेच. बिट कापत नव्हतं, नुसतं घासत होतं, आणि घासून घासून पत्रा अजून कडक करत होतं. त्यात स्टेनलेस उष्णता वाहून नेण्यात आळशी, तांब्याच्या साधारण पंचविसावा हिस्सा. सगळी आग बिटच्या टोकाशीच साचली.

याचं उत्तर स्टेनलेसच्या आधीच शोधलेलं होतं. अमेरिकेत फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांनी असं हत्यार-पोलाद बनवलं, जे लाल झालं तरी धार सोडत नव्हतं. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात लोक ते बघत उभे राहिले. आपण त्यालाच 'हायस्पीड स्टील' म्हणतो. याच टेलरनं 26 वर्षं धातू कापण्याचे प्रयोग केले. सार असं, की कापण्याचा वेग थोडा वाढवला तरी हत्याराचं आयुष्य कितीतरी घटतं. नावात 'हायस्पीड', धडा मात्र वेग आवरण्याचा!

हिशोब करून बघा. 35 मिलिमीटरच्या होल सॉची कड एका फेऱ्यात 11 सेंटिमीटर जाते. मशीन मिनिटाला 3000 फेरे मारत असेल तर कड मिनिटाला 330 मीटर पळते. स्टेनलेससाठी हायस्पीड स्टीलला झेपतात साधारण 10 ते 15 मीटर, म्हणजे शंभरेक फेरे. त्या वेगानं होल सॉ तीसपट घाईत असता.

जिंतूरच्या एका वेल्डिंगवाल्या काकांनी मंद फिरणारं मशीन आणि कोबाल्ट मिसळलेला होल सॉ दिला. म्हणाले, "सावकाश, पण दाबून. दात पत्र्यात रुतला पाहिजे, घसरला की संपलं." पण तो कडक ठिपका? तो तर बरोबर मधोमध होता. मग केंद्रच 8 मिलिमीटर बाजूला सरकवलं, म्हणजे ठिपका कापून निघणाऱ्या चकतीत जाईल. पिंप आडवं बांधलं, आतून लाकूड टेकवलं, पंचानं खूण केली. डोळ्यांना गॉगल, मशीन दोन्ही हातांत घट्ट, कारण दात अडकला तर मनगटाला जबर हिसका बसतो. थेंब थेंब तेल. धूर दिसला की थांबायचं. सॉ जागेवर नुसता फिरवत ठेवायचा नाही.

वीस मिनिटं लागली. कीस कुरळा, लांब निघत होता. मग टक् आवाज आला आणि चकती सुटली. कडेची धार नव्या कानशीनं घासली. लोखंडावर वापरलेली कानस फिरवली असती तर तिचे कण रुतून तिथं गंज धरला असता. तापून आलेला पिवळट-निळा रंगही घासून काढला, कारण त्या जागी गंजापासूनचं संरक्षण कमी होतं.

आजीनं आधी भोक नाही बघितलं. काठाखालच्या नावावरून बोट फिरवलं, एकही ठिपका गेला नाही याची खात्री केली, मग म्हणाली, "पाणी सोड आता."

ती चकती माझ्या लॅपटॉपशेजारी आहे. मधे नीट पडलेलं छोटं भोक आणि बाजूला माझ्या घाईचा चकचकीत ठिपका. ऑफिसात कुणी "दहा मिनिटांचं काम आहे" म्हटलं, की मी ती उचलून बघतो.

तुमच्या घरी कल्हईवाल्याची आठवण असलेलं कुणी असेल, तर आज त्यांना बोलतं करा, आणि मोबाइलवर रेकॉर्डही करा. भेटू पुढच्या भागात!