बूलचे नाव, जेव्हन्सची बेरीज

संगणकावर यंत्रभागांचे आरेखन करणाऱ्यांच्या तोंडी 'बूलियन' हा शब्द सतत असतो. दोन घनाकृती जोडून एक करणे म्हणजे संयोग, एकीतून दुसरी कोरून काढणे म्हणजे वजाबाकी, आणि दोघींचा सामाईक भाग तेवढा राखणे म्हणजे छेद. ठोकळ्यातून दंडगोल वजा केला की आरपार भोक तयार होते. या तिन्ही क्रिया जॉर्ज बूल (१८१५-१८६४) या गणितज्ञाच्या नावाने ओळखल्या जातात. गंमत अशी, की यांतला संयोग खुद्द बूलला मान्य नव्हता.

१८५४ साली प्रसिद्ध झालेल्या 'लॉज ऑफ थॉट' या ग्रंथात बूलने तर्कशास्त्राला बीजगणिताचा साज चढवला. मात्र त्याची बेरीज एकमेकांत न मिसळणाऱ्या वर्गांपुरतीच होती. नेहमीच्या बीजगणिताप्रमाणे मिळवलेले वजा केले की मूळ पद परत मिळावे, अशी त्याची घडण होती. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्सने पत्रांतून त्याला वेगळा नियम सुचवला: एखादा वर्ग त्याच वर्गात मिळवला तर तोच वर्ग उरतो. बूलने तो नाकारला. १८६४ मध्ये जेव्हन्सने 'प्युअर लॉजिक' या पुस्तकात आपली मांडणी प्रसिद्ध केली; त्याच वर्षी बूल वारला.

यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी हा प्रश्न अभियंत्यांपुढे आला. केवळ रेषांनी काढलेल्या आकृतीत द्रव्य कुठे आहे आणि पोकळी कुठे, हे संगणकाला निश्चित कळत नसे. १९७० च्या दशकात केंब्रिजला इयन ब्रेड, जपानमध्ये होक्काइदो विद्यापीठात नोरिओ ओकिनो आणि अमेरिकेत रॉचेस्टर विद्यापीठात हर्बर्ट व्होल्कर व अरिस्टिडीस रेकिशा यांनी भरीव आकृतींची प्रारूपे घडवली. तिथे संयोग जेव्हन्सच्या नियमाने होतो. दोन ठोकळे एकमेकांत घुसले, तरी सामाईक भागातले द्रव्य दुप्पट होत नाही.

पण मग बूलचा आग्रह व्यर्थ होता काय? एकमेकांत घुसलेले दोन ठोकळे जोडा आणि नंतर दुसरा वजा करा. पहिला ठोकळा परत मिळत नाही. सामाईक भागाएवढा त्याचा लचका तुटलेला असतो. क्रिया उलटवता येत नाही, म्हणून मूळ आकृती आणि त्यांच्यावरील क्रियांचा क्रम जपावा लागतो. रॉचेस्टरच्या 'पॅडल' प्रणालीत घनाकृतीचे वर्णनच अशा क्रियांच्या वृक्षाने होत असे, आणि आजची आरेखन-सॉफ्टवेअरही रचनेच्या पायऱ्यांची यादी जवळ बाळगतात ती बऱ्याच अंशी यासाठीच.

जेव्हन्सची बेरीज सोयीची ठरली, आणि टिकली. तिच्यापायी काय गमवावे लागते, याची जाण मात्र बूलच्या नकारात आधीच होती. त्या दृष्टीने पाहता, या क्रियांना त्याचे नाव असणे अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही.